विहिरीपर्यंत आलेली गोष्ट

सांगणाऱ्याची कीर्ती होते. ऐकणाऱ्याची होत नाही. आपल्या परंपरेने वक्त्याला आसन दिले, त्याच्या गळ्यात हार घातला, आणि श्रोत्याला जमिनीवर बसवले. पण ज्यांनी ही परंपरा घडवली त्यांना श्रोत्याचे मोल ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही. ‘शुश्रूषा’ हा शब्द आज आपण आजाऱ्याच्या सेवेसाठी राखून ठेवला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, एवढाच. बुद्धीचे गुण सांगताना जुन्या आचार्यांनी तिला सर्वांच्या आधी बसवले. आधी ऐकण्याची इच्छा, मग श्रवण, मग ग्रहण, मग धारण. हा क्रम मी पस्तीस वर्षे यवतमाळच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांकडून घोकून घेतला. तो मूर्तिमंत पाहण्यासाठी मात्र मला आधी निवृत्त व्हावे लागले, आणि मग बाभुळगावच्या पुढे, कालव्याच्या अंगाने जाणाऱ्या कच्च्या वाटेने एका तांड्यावर जावे लागले.

तिथे किसनसिंग राहत असत. आठ एकर जमीन, त्यात कपाशी आणि तूर, दोन बैल, मातीच्या भिंतींवर नव्याने घातलेले पत्रे. उंचीने बेताचे, खांद्यावर पंचा, आणि कान जरासे पुढे आलेले. त्यांच्या पत्नी रामीबाई गोष्टी सांगत. पंचक्रोशीत त्या प्रसिद्ध होत्या. किसनसिंगांना कोणी विचारत नसे. ते फक्त हुंकार देत.

हुंकार म्हणजे काय, हे आज सांगावे लागते. गोष्ट चालू असताना ऐकणाऱ्यांपैकी एकाने वाक्यावाक्याला ‘हं’ म्हणायचे, अशी रीत होती. ती पुष्कळ ठिकाणी होती. या तांड्यावर ती कायदा होती. या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत. भाषा त्यांनी दोन ठेवल्या, घरची गोरबोली आणि बाजाराची मराठी; गोष्टींनाही त्यांनी बैलांचाच नियम लावला. हुंकार म्हणजे बैलाच्या गळ्यातली घंटा. घंटा वाजते आहे तोवर पुढच्याला कळते की मागचा येतो आहे. ती थांबली तर पुढच्याने थांबायचे. हुंकार थांबला तर सांगणाऱ्याने समजायचे की ऐकणारा झोपला, आणि गोष्ट तिथेच सोडायची. झोपलेल्याला गोष्ट सांगणे अशुभ.

हे मला बारा वर्षांपूर्वी, पहिल्याच भेटीत, माझ्या अज्ञानामुळे कळले. लोककथा जमवण्याचा छंद मला उतारवयात लागला होता. हातात नवीन रेकॉर्डर होता. दुपारची वेळ, ओसरीवर बाज टाकलेली. रामीबाईंच्या डोळ्यांत तेव्हाच काचबिंदू उतरला होता. उजेड-अंधार एवढेच त्यांना कळे. त्यांनी सुरुवात केली. किसनसिंगांचा ‘हं’ मला ध्वनिमुद्रणात खटकला. मी हात जोडून त्यांना गप्प राहण्याची विनंती केली. ते लगेच गप्प झाले. कोणी काही सांगितले की ते ऐकत.

तीन वाक्यांनंतर रामीबाई थांबल्या.

“कोन ऐकून राह्यलं?”

“मी ऐकतोय ना, बाई,” मी म्हणालो. “आणि हे यंत्रही ऐकतंय.”

“तुमच्या डब्बीले कान असतीन गुरुजी, पन तोंड कुठी हाय तिले?” मग त्या किसनसिंगांच्या बाजूला वळल्या. “अन् तुम्ही जी? झोपले का मेले?”

“गुरुजीनं चूप बसाले सांगतलं,” किसनसिंग म्हणाले.

“मंग गुरुजीलेच बायको करून घ्या. सांगतीन तुमाले गोष्टी संस्कृतातून.”

ओसरीवरच्या बाया पदराआड हसल्या. मी क्षमा मागितली. त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत मी जे जे ध्वनिमुद्रित केले, त्या सगळ्यात रामीबाईंच्या आवाजाखालून किसनसिंगांचा ‘हं’ वाहतो आहे.

पुढे पुढे मी रामीबाईंपेक्षा त्यांचेच ऐकू लागलो. त्या ‘हं’चे किती प्रकार होते! माहीत असलेल्या गोष्टीला आखूड, मान्य नसलेल्याला नाकातून, दुःखाला लांबवलेला. मध्येच एखादा होकाराचा ‘हव’, क्वचित ‘अरे बाप्पा’. आणि प्रत्येक गोष्टीत एकदा, फक्त एकदा, ‘मंग?’ हा प्रश्न. त्याची जागा ठरलेली असे. गोष्टीची गाठ जिथे बसते तिथे येऊन रामीबाई थांबत. वाक्य अर्धे ठेवत. त्या किसनसिंगांच्या ‘मंग?’ची वाट पाहत. ते येताच त्या गाठ सोडवत. दोन भावांनी एकच घोंगडी पांघरली आणि पहाटेच्या थंडीने त्यांतला खोटे बोलणारा उघडा पाडला, अशी त्यांची एक गोष्ट आहे. त्यात धाकटा भाऊ जागा होतो आणि घोंगडीचे टोक हाती धरतो, तिथे तो प्रश्न येतो. त्याआधी नाही, नंतरही नाही.

आमच्या शास्त्रात कथावस्तूचे बीज, तिचा गर्भ, तिचे निर्वहण यांची चर्चा आहे. मी ती आयुष्यभर शिकवली. बीजातच फळ असावे, फळ बाहेरून आणून टांगू नये, हा तिचा सारांश. एकदा शेताच्या धुऱ्यावर बसून भाकरी खाताना मी किसनसिंगांना सहज विचारले, रामीबाईंच्या गोष्टी एवढ्या लहान का?

“एका मुक्कामात सरली पायजे ना जी. सकाळी तांडा उठते. बैल लादलेला ठेवून कोनी झोपते काय? गोन उतरवाचीच. गोष्ट बी तशीच.”

“आणि शेवट? तो आधीच ठरलेला असतो?”

ते माझ्याकडे जरा दयेने पाहत राहिले. “गोन घरूनच भरून निघते, गुरुजी. रस्त्यात कोन भरते?”

लघुकथेची ओढ माणसाला का वाटते, याचे याहून सरळ उत्तर मला कुठल्या ग्रंथात सापडलेले नाही. आपल्या जगण्यात काहीच एका मुक्कामात सरत नाही. ओझी पाठीवर तशीच राहतात आणि आपण त्यांच्यासकट झोपतो. निदान एक गोष्ट तरी आपल्या डोळ्यांदेखत लादली जावी, चालावी आणि उतरवली जावी, एवढीच ती इच्छा असते.

रामीबाईंनी मला एकेचाळीस गोष्टी सांगितल्या. बेचाळिसावी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, “हाय एक. थे नाई सांगनार. माह्या याडीनं सांगतलं होतं, एक गोष्ट मांगं ठेवाची. सारी सरली का सांगनारा बी सरते.” याडी म्हणजे आई. ती गोष्ट त्यांनी पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

साडेचार वर्षांपूर्वी, तुरीच्या शेंगा भरत असताना, रामीबाईंच्या छातीत पाणी झाले. त्यांना यवतमाळच्या एका दवाखान्यात ठेवले. मुलगा राजकुमार औषधांच्या धावपळीत होता; उशाशी किसनसिंग आणि नात बबिता. चौथ्या दिवशी सकाळी रामीबाईंना जरा हुशारी वाटली. त्यांनी चाचपडत नवऱ्याचे मनगट धरले आणि म्हणाल्या, “ऐका जी. थे मांगं ठेवलेली सांगते.”

त्याचा अर्थ किसनसिंगांना समजला. त्यांनी पंचा खांद्यावर नीट घेतला, स्टूल पुढे ओढले आणि हुंकार दिला.

ती गोष्ट अशी. शंभर बैलांचा एक तांडा मीठ घेऊन चालला होता. सर्वांच्या मागे एक बैल, आणि त्याच्यासोबत एक विधवा. मरताना तिच्या नवऱ्याने सांगितले होते, या गोणीत मीठ नाही. जो कोणी आपणहून येऊन ही मागेल, त्याच्यासमोरच उघड. त्याआधी नको. बारा वर्षे ती चालली. लोकांना वाटे मीठच आहे. मग एके वर्षी अवकाळी पाऊस पडला. नव्याण्णव गोणी विरघळल्या, बैलांच्या पोटांवरून खारे पाणी ओघळले, आणि शंभरावी गोण होती तेवढीच जड राहिली. आता साऱ्या तांड्याला कळले. नायक म्हणाला, उघड. ती म्हणाली, अजून कोणी मागितली नाही. तांड्याने तिला वाळीत टाकले. ती एकटी बैल घेऊन चालत राहिली आणि एका गावाच्या विहिरीपाशी आली. बैल पाणी पिऊ लागला. तेवढ्यात एक माणूस तिच्याकडे चालत आला. त्याने बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला...

इथे रामीबाई थांबल्या. ही ‘मंग?’ची जागा होती.

पण त्याआधीच, गोष्टीत पाऊस पडत असताना, वॉर्डात डॉक्टरांची फेरी सुरू झाली होती. परिचारिका आली आणि किसनसिंगांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, “बाबा, चूप बसा. साहेब आले. आवाज नका करू.” तिने काही वावगे सांगितले नाही. किसनसिंग गप्प झाले, तरी त्यांचे मनगट हातात असल्याने रामीबाई सांगत राहिल्या. किसनसिंग ऐकत होते, आणि ऐकतो आहोत हे दाखवण्यासाठी वाक्यावाक्याला मान हलवत होते. रामीबाईंना दिसत नव्हते, हे पन्नास वर्षांच्या सवयीत त्या घटकेपुरते ते विसरले. मन गोष्टीत होते. मानेने हुंकार चालू होता. गोष्ट विहिरीपाशी आल्यावर त्यांनी डोळ्यांनी विचारले: मंग?

रामीबाई थोडा वेळ थांबल्या. मग त्यांनी मनगट सोडले आणि तोंड भिंतीकडे केले. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्यावर किसनसिंगांनी पुन्हा पुन्हा हाका मारल्या. तोवर रामीबाईंना ग्लानी आली होती. ती उतरली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

मी भेटायला गेलो तेव्हा बारावा दिवस होता. किसनसिंगांनी मला बाजेवर बसवले, आपण खाली बसले आणि म्हणाले, “हुंकार द्या, गुरुजी.” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गोष्ट सांगितली. अडखळत, चुकत, पण एकही टप्पा न वगळता ते विहिरीपर्यंत आले. मी चरकून ‘मग?’ म्हणालो. 

“थेच तर,” ते म्हणाले. “बैल लादलेलाच उभा हाय.”

त्या दिवसापासून ती गोण उतरवणे हे त्यांचे एकमेव काम झाले. शेत राजकुमारने सांभाळले. किसनसिंग एसटीने ढाणकीला गेले. तिथून जवळच्या तांड्यावर रामीबाईंची धाकटी बहीण पंचफुला दिली होती. आईने गोष्ट सांगितली तेव्हा ती तिथे असणार, ही आशा. पंचफुलाबाईंनी पाय धुवायला पाणी दिले, चहा दिला आणि सगळे ऐकून कपाळावर हात मारला.

“होती ना मी, भाऊजी. पाऊस पडेपर्यंत होती. मंग झोपून गेलती. याडीनं मले लय मारलं होतं त्यासाठी, हुंकार सोडला म्हनून.” आणि मग त्यांनी बोलू नये ते बोलून टाकले. “अन् तुम्ही? पन्नास वर्सं हं हं केलं. ज्या दिवशी कराचं त्याच दिवशी तोंडाले कुलूप लावलं!”

ही हकिगत किसनसिंगांनीच मला सांगितली. “खरं बोलली थे,” एवढेच वर जोडले.

मग त्यांनी लोकांकडे शेवट मागायला सुरुवात केली. बाजारात, पाणवठ्यावर, लग्नाच्या मांडवात. माणसे हौसेने सांगत. कोणी म्हणे गोणीत सोने होते, कोणी म्हणे देवीची मूर्ती. नातू शाम पांढरकवड्याला ट्रकच्या गॅरेजात कामाला होता. तो म्हणाला, “दादा, रेती असन साधी. बुढ्यानं बायकोले फसवलं.” बबिता म्हणाली, तो माणूस म्हणजे तिचा नवराच, तो मेलाच नव्हता. किसनसिंग प्रत्येकाचे शेवटपर्यंत ऐकून घेत. पण कोणालाही हुंकार देत नसत. ओठ मिटलेले. सांगणाऱ्याचा उत्साह मध्येच सांडून जाई.

“सोनं असतं तर नायकाले आधीच वास आला असता,” ते मला म्हणाले. “नवरा असता तर बैलानं वळखलं असतं त्याले. थे म्हने बैल पानी पेत राह्यला. रामी उगाच नाई म्हनत काही.”

शेवटी त्यांनी माझ्याकडे मागितले. “तुम्ही येवढं वाचलं. बीज, फळ, काय काय सांगत राह्यता. बांधा तुम्ही.”

मी नाही म्हणायला हवे होते. पण एका वृद्धाची तडफड पाहवेना, आणि खरे सांगायचे तर आपल्या विद्येवरचा विश्वासही आड आला. आठ दिवस मी त्या शेवटावर घालवले. गोणीत मीठ नाही, वजन घटत नाही, मागणारा आपणहून यावा. या सगळ्या खुणा जुळवून मी माती ठरवली. नवऱ्याच्या मूळ गावाची माती. विहिरीपाशी आलेला माणूस त्या गावातून परागंदा झालेला, आणि तो म्हणतो, “माझं गाव तुझ्या बैलावर आहे.” मला तो शेवट शास्त्रशुद्ध वाटला. सुंदरही वाटला.

कपाशीच्या शेवटच्या वेचणीचे दिवस होते. दुपारी शेतातल्या मोहाच्या झाडाखाली बसून मी वाचले. किसनसिंग डोळे मिटून ऐकत होते. पहिल्या वाक्याला मी वाट पाहिली; दुसऱ्याला पाहिली. शेवटच्या वाक्यानंतर वर पाने हलली, तेवढाच आवाज झाला.

“चांगली हाय,” ते डोळे उघडून म्हणाले. “पन हे तुमची हाय, गुरुजी. तुमी रस्त्यात भरली.”

मी कागद घडी केला. त्यांना वाईट वाटले असावे, कारण त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग त्यांनी ते सांगितले, जे तोवर कोणालाच सांगितले नव्हते.

“थे चूप नवती झाली, गुरुजी. मंग आला नाई म्हनून तिनं थोडी वाट पाह्यली, अन् इचारलं, ‘झोपले का जी?’ हळूच. साहेब बाजूलेच उभे होते. नर्सबाई माह्याकडं डोळे वटारून पाहे. म्या नाई नाई म्हनून मान हालवली. लय जोरात हालवली.” त्यांनी ती तिथे, मोहाखाली, पुन्हा हलवून दाखवली. “मंग तिनं तोंड फिरवलं. मी झोपलो असंच समजून गेली थे. पन्नास वर्सांत एक डाव नाई झोपलो मी.”

 शास्त्रात अशा वेळी म्हणायची वचने पुष्कळ आहेत, आणि ती मला पाठ आहेत. मी एकही उच्चारले नाही. पहिल्याच भेटीत याच माणसाला हात जोडून गप्प बसवणारा पहिला मी होतो, हे त्यांच्या लक्षात होते की नाही कोण जाणे. माझ्या होते.

तेव्हापासून त्यांनी शोध सोडला. माणूस शोध सोडतो तेव्हा शांत होतो, असे आपण लिहितो. ते शांत झाले नाहीत. ते बोलेनासे झाले. घरात कोणी काही सांगितले तरी ‘हं’ म्हणेनात. सून वर्षा म्हणाली, “मामाजीले जेवाले बोलावलं तर ऐकू गेलं का नाई तेच समजत नाई.” ज्याच्या हुंकारावर एका स्त्रीने एकेचाळीस गोष्टी पेलल्या, त्याच्या घरात आता वाक्ये जमिनीवर पडून राहत. मी गेलो की एकेचाळीसपैकी एखादी गोष्ट लावत असे. रामीबाईंचा आवाज येई, त्याखालून त्यांचा स्वतःचा ‘हं’ येई. ते यंत्राकडे पाहत, परक्या माणसाकडे पाहावे तसे. एकदा ते म्हणाले, “हा कोन देऊन राह्यला? बंद करा त्याले.” त्यानंतर मी रेकॉर्डर नेला नाही.

गेल्या माघात ते अंथरुणाला खिळले. दवाखान्यात जायला त्यांनी नकार दिला. मान हलवली तेवढी. शेवटच्या सकाळी बबिता जवळ होती. ती सांगते की ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि उजाडल्यापासून थोड्या थोड्या अंतराने ‘हं’ म्हणू लागले. तिने विचारले, “दादा, कोनाशी बोलून राह्यले?” हुंकार चालूच राहिला. एक आखूड. एक लांबवलेला. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग स्पष्ट आवाजात: “मंग?”

तिने कान तोंडाशी नेला. ते वाट पाहत होते, असे ती म्हणते. डोळे उघडे होते. वाट पाहता पाहताच श्वास थांबला.

मला कोणी विचारतात, त्या अखेरच्या क्षणी त्यांना रामीबाईंनी पुढचे सांगितले असेल का. कथेला शोभेल असे उत्तर देणे मला अवघड नाही. पण ते मी रस्त्यात भरलेले असेल.

किसनसिंगांचे छायाचित्र घरात नाही. शेत राजकुमार करतो. पंचा बबिताने ठेवून घेतला आहे. तांड्यावर आता कोणी गोष्ट सांगत नाही, त्यामुळे हुंकार देण्याचा प्रश्न येत नाही. माझ्याकडे एकेचाळीस गोष्टी पूर्ण आहेत. बेचाळिसावी विहिरीपर्यंत आहे.